नागिणीचीही लस असते

डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्या डोळ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी पाहिलं ते नाकाच्या शेंड्याकडे. तिथे एक बारीकसा फोड आला होता. कपाळाची उजवी बाजू भाजल्यासारखी झालेली, पापणी सुजून मिटलेली, आत डोळा लालभडक, अशा अवस्थेत नाकावरच्या फोडाला कोण विचारतो? पण त्यांनी बॅटरीचा झोत टाकला तो नेमका त्याच्यावर.

"हा कधी आला?"

"परवा."

"आणि कपाळावरचं पुरळ?"

"आठवडा होत आला."

त्यांनी बॅटरी बंद केली. मग म्हणाल्या, "हर्पीझ झोस्टर ऑफ्थॅल्मिकस." माझा चेहरा पाहून त्या मराठीत आल्या. "नागीण. डोळ्याकडे जाणाऱ्या नसेची." नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या आतल्या भागाला एकाच नसेची शाखा जाते. त्यामुळे तिथे फोड दिसला की डोळाही सापडला असं समजायचं, हे त्यांनी समजावून सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "लस घेतली होती का?"

"कसली?"

"नागिणीची."

माझे यजमान शेजारी बसले होते. ते म्हणाले, "नागिणीची लस? म्हणजे साप चावल्यावर देतात ती?" एरवी मी त्यांची यथेच्छ टिंगल केली असती. त्या दिवशी मलाही यापेक्षा जास्त काही माहीत नव्हतं.

मी मुद्रितशोधक होते. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं आयुष्यभराचं काम. बँकेत नोकरी करणारा नवरा, एक मुलगी, कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर घर आणि जेवणाच्या टेबलावर कायम कुणाच्या तरी पुस्तकाची प्रुफं. नारायण पेठेतल्या प्रकाशकांना माझा स्वभाव माहीत होता. लेखकांना तर चांगलाच माहीत होता. एका लेखकाने मला तोंडावर सांगितलं होतं, "बाई, तुमच्यापुढे पान ठेवताना परीक्षेला बसल्यासारखं वाटतं." मला ते कौतुकच वाटलं.

हे सगळं काम मी एका डोळ्याने केलं. डावा डोळा माझा लहानपणापासून नावापुरता आहे. लेझी आय म्हणतात त्याला, आळशी डोळा. डोळा दिसायला चांगला, पण मेंदू त्याचं ऐकतच नाही. वेळेवर उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून डाव्याला कामाला लावलं असतं तर सुधारला असता म्हणे. आमच्या लहानपणी कुणाला एवढी सवड होती? त्या डोळ्याला रस्त्यावरच्या फलकाची मोठी अक्षरं दिसतात, बसचा रंग दिसतो, माणूस आला एवढं कळतं. छापील ओळ दिसत नाही. थोडक्यात, वाचायला माझ्याकडे एकच डोळा होता आणि नागीण नेमकी त्याच बाजूला आली.

सुरुवात डोकेदुखीने झाली. उजवीकडचं अर्धं डोकं ठणकायचं. केस विंचरताना कंगवा लागला की मुळं ओढल्यासारखी वाटायची. मला वाटलं अर्धशिशी. दोन-तीन दिवसांनी कपाळावर लाल पुरळ उठलं, भुवयांच्या मध्यापासून उजवीकडे. टिकली लावते त्याच्या अगदी लगत. घरात लगेच एकमत झालं, टिकलीच्या गोंदाची अ‍ॅलर्जी. मला आधी एकदा तशी झालीही होती. मी टिकल्यांचं नवं पाकीट फेकून दिलं, कुंकू लावायला लागले, औषधाच्या दुकानातून खाजेचं मलम आणलं आणि प्रुफं पुढे ओढली.

आता सांगते तो प्रसंग मला रोज आठवतो. पुरळ उठल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या थोरल्या जाऊबाई घरी आल्या. त्यांना आम्ही सगळे माई म्हणतो. त्या वाघोलीला मुलाकडे राहतात. माईंनी दारातच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, ही नागीण आहे."

मी हसले.

"हसतेस काय? कपाळावरून डोक्याभोवती विळखा पडला तर माणूस जातो. आमच्याकडे एक जण गेरूने तिचा रस्ता बंद करतो. त्याच्याकडे जाऊ या, चल."

"माई," मी म्हणाले, "या वयात मला नाग, नागीण आणि गेरू नका दाखवू."

मी असंच बोलते. माईंना सवय आहे. त्या चहा पिऊन गेल्या. मला वाटत होतं की नागीण हा शब्दच अंधश्रद्धेचा आहे. दृष्ट, करणी, बाहेरचं, तसाच हाही. या शब्दाच्या मागे एक खरा आजार असेल, त्याला डॉक्टरी नाव असेल, औषध असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तोपर्यंत नागीण मूळ शब्दात दीर्घ आणि नागिणीला म्हणताना ऱ्हस्व, एवढंच मला तिच्याविषयी माहीत होतं. कितीतरी लेखकांची ती चूक मी दुरुस्त केलेली आहे.

या आजारावरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगल्या लागू पडतात. माईंचा शब्द बरोबर होता, पत्ता चुकीचा होता. तो शब्द घेऊन मी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले असते तर पाच मिनिटांत निदान झालं असतं. मी मात्र गेरूबरोबर शब्दही टाकून दिला. शिकलेल्या माणसांनो, हे जरा लक्षात ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा उपाय मानू नका हवं तर, पण त्यांनी दिलेलं नाव डॉक्टरांच्या कानावर घाला.

मला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. माझी साखर तीनेक वर्षं वाढलेलीच होती आणि त्या दिवशी ती फारच वाढली होती. सलाइनमधून अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू झालं. हे विषाणूची वाढ रोखणारं औषध. डोळ्यात तासातासाला थेंब.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी आजार समजावून सांगितला. लहानपणी कांजिण्या झाल्या की त्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. तो नसांच्या मुळाशी झोपून राहतो. वय वाढलं, मधुमेह असला, अंगातली ताकद कमी झाली की तो जागा होतो आणि एखाद्या नसेच्या रस्त्याने बाहेर येतो. ती नागीण.

"म्हणजे ही माझ्या अंगात लहानपणापासून होती?"

"हो. आपल्याकडे तुमच्या वयाच्या बहुतेकांच्या असते."

"आणि तो विळखा?"

"नसा डाव्या वेगळ्या, उजव्या वेगळ्या. पुरळ मध्यावर येऊन थांबतं. विळख्याने कुणी जात नाही."

"मग लस घेतली असती तर?"

त्यांनी गुळमुळीत उत्तर दिलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्या म्हणाल्या, "झालंच नसतं असं मी सांगणार नाही. पण होण्याची शक्यता फार कमी झाली असती. झालं असतं तरी बहुधा एवढं नाही. पन्नाशीनंतर घेता येते. दोन डोस."

मी पासष्ट वर्षांची होते. म्हणजे ती लस आपल्याकडे मिळायला लागली त्या दिवसापासून मी तिच्या वयात बसत होते.

एका सकाळी त्यांनी कापसाची बारीक वात केली. "वर बघा. आता सांगा, काही जाणवतं का?"

मी वर बघत राहिले. मला वाटलं त्या अजून तयारीच करत आहेत. "तुम्ही लावा, मी सांगते," मी म्हणाले.

"लावली," त्या म्हणाल्या. "तीनदा."

डोळ्याला कापूस लागला तर माणूस उडतो. मला काहीच कळलं नव्हतं. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, बधिर झाला होता. बधिर डोळ्याला कोरडेपणा कळत नाही, कचरा कळत नाही, जखम कळत नाही. म्हणून जखम भरतही नाही. माझ्या यजमानांना बाहेर जाऊन हे सगळं मुलीला फोनवर सांगावं लागलं. ते परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. आमच्या लग्नानंतर मी त्यांना रडलेलं पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही धूसर.

अनघा, आमची मुलगी, खराडीला आयटीत आहे. ती ऑफिसमधून तशीच आली आणि पलंगाशी उभी राहून माझ्यावरच चिडली. "आई, तू एक फोटो तरी पाठवायचास ना! मी लगेच सर्च केलं असतं, ऑनलाइन डॉक्टरांना दाखवलं असतं." मग तीच रडायला लागली. तिच्या लेकीच्या लशींची आठवण तिला फोनवर येते, आठवडा आधी, मग आदल्या दिवशी, मग त्या दिवशी सकाळी. "तुमच्या दोघांसाठी मी कधी बघितलंच नाही गं," ती म्हणाली. मी तिला जवळ घ्यायला गेले, तर तिचा केस माझ्या कपाळाला लागला आणि मी ओरडले.

घरी आल्यावर डोळ्याच्या त्या बधिर पडद्यावर जखम झाली आणि वाढत गेली. पंधरवड्यातून दोनदा, मग तीनदा तपासणी. डोळ्यांच्या रुग्णालयातल्या प्रतीक्षालयात सगळे मान वर करून, एक डोळा मिटून बसलेले असतात. थेंब घालून बाहुली मोठी करायची, मग थांबायचं. माझ्या शेजारी मोतीबिंदूवाले बसायचे. दोन दिवसांत परत दिसायला लागणार म्हणून खुशीत असायचे. एक काका मला म्हणाले, "घाबरू नका हो, काही नसतं यात. मी तर परवापासून पेपर वाचणार." त्यांचा मला इतका राग आला की मी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

शेवटी टार्सोऱ्हाफी करावी लागली. म्हणजे दोन्ही पापण्या एकमेकींना अर्ध्यावर शिवून टाकतात, डोळा झाकलेला राहावा म्हणून. जखम भरली, पण पडद्यावर पांढरा डाग राहिला. टाके काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला समोर बोटं मोजायला सांगितली. मला प्रकाश कळला. हात हलतोय हे कळलं. बोटं मोजता आली नाहीत.

मी नेत्ररोपणाबद्दल विचारलं. आपल्याकडे सगळ्यांना नेत्रदान माहीत असतं, मलाही होतं. मनात तीच एक आशा धरून मी इतके महिने थेंब घालत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळा बधिर आहे. नवा पडदा बसवला तरी तोही असाच सुकेल, त्यालाही जखमा होतील. मी तुम्हाला करायला सांगणार नाही." मी आणखी दोन ठिकाणी दाखवलं. दोन्हीकडे हेच सांगितलं, फक्त जास्त गोड शब्दांत.

दुखणं वेगळंच. डोळ्याला कापूस कळत नाही आणि कपाळाला पंख्याचा वारा सहन होत नाही. याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. नागीण गेली तरी तिने बिघडवलेल्या नसा दुखत राहतात. आग होते, मधूनच सुई खुपसल्यासारखी कळ येते. गोळ्या आहेत. त्यांनी कळ थोडी मागे जाते आणि दिवसभर झापड येते. काहींचं काही महिन्यांत थांबतं, काहींचं राहतं, असं डॉक्टर म्हणाले. माझं राहिलं. स्कूटरवर मागे बसायचं तर वारा लागू नये म्हणून ओढणी बांधावी लागते, कॉलेजच्या मुली बांधतात तशी डोळ्यांखेरीज सगळं झाकून. हे म्हणतात, "आता तू खरी पुणेकरीण झालीस." ते मला हसवायला बघतात. कधी कधी मी त्यांच्यासाठी हसते.

मी खोटा धीर देणार नाही. अशा लेखांच्या शेवटी माणसं म्हणतात की आजाराने मला जगायला शिकवलं. मला आजाराने काही शिकवलं नाही. त्याने माझं वाचणं नेलं. मी पुस्तकं ऐकायचा प्रयत्न केला. अनघाने फोनवर सगळी सोय करून दिली. दुसऱ्याचा आवाज दुसऱ्याच्या वेगाने पुढे जात राहतो, आपल्याला मागची ओळ परत पाहता येत नाही, आणि त्या गोळ्यांनी मला मध्येच झोप लागते. प्रकाशकांनी काही महिने विचारपूस केली. मग प्रुफं दुसऱ्या कुणाकडे जायला लागली, ते साहजिकच आहे. जेवणाचं टेबल आता रिकामं असतं. आम्ही त्यावर जेवतो.

माई त्यानंतर अनेकदा आल्या. "मी म्हटलं होतं ना" हे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्या माझ्या पायाला तेल लावतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि जातात. त्यांनी मला एकदा तरी ऐकवावं असं मला वाटतं. त्या ऐकवत नाहीत.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांवर मी बरेच दिवस चिडून होते. दर तीन महिन्यांनी साखर दाखवायला जायचे, दर वेळी ते भात किती खाता ते विचारायचे. लशीचं कधी बोलले नाहीत. शेवटी मी त्यांना विचारलंच. ते म्हणाले, "पूर्वी सांगायचो. लोक म्हणायचे, डॉक्टर, आम्ही काय लहान मुलं आहोत का? मग सांगायचं बंद केलं. चुकलंच माझं." मला वाटतं मीही तेच म्हणाले असते. करोनाच्या वेळी आम्ही रांगेत उभं राहून लस घेतली होती आणि जन्माचा कोटा संपला, अशा थाटात घरी आलो होतो.

बऱ्यापैकी सावरल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला ती लस घ्यायला सांगितली. नागीण पुन्हा येऊ शकते. मी म्हणाले, "आता घेऊन काय उपयोग?"

"डाव्या बाजूला नसा आहेत की तुम्हाला," त्या म्हणाल्या.

पुण्यात मोठ्या माणसाने लस घ्यायची म्हणजे जायचं कुठे, हाही प्रश्नच होता. आमचे डॉक्टर ती लस ठेवत नाहीत. त्यांनी लहान मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "बाळाचं नाव?" हे म्हणाले, "दोन बाळं आहेत. एक पासष्टी ओलांडलेलं, एक सत्तरीचं." मी त्यांनाही घ्यायला लावली होती. ते कुरकुरत होते, पण आले.

आम्ही बुटक्या बाकावर गुडघे वर करून बसलो. समोर एक तरुण बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळाला टोचलं, ते किंचाळलं, आई त्याला खांद्यावर टाकून फेऱ्या घालायला लागली आणि मिनिटभरात ते शांत झालं. मला तिथे एकदम रडू कोसळलं. त्या बाळाला ज्या आजारांसाठी टोचलं ते त्याला कधी कळणारही नाहीत. एवढं सोपं होतं ते. काउंटरवरची मुलगी धावत पाणी घेऊन आली. तिला वाटलं मी सुईला घाबरले. दोन्ही डोसांनंतर आम्हाला एक-दोन दिवस कणकण होती आणि दंड दुखत होता, बाकी काही नाही.

तुम्ही पन्नाशी ओलांडली असेल, किंवा मधुमेह असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांनी रक्तदाब मोजला की त्यांना विचारा, "माझ्या वयाला कुठल्या लशी लागतात?" ते सांगायची वाट बघू नका. नागिणीची आहे, न्यूमोनियाची आहे, फ्लूची दरवर्षी घ्यायची असते, धनुर्वाताची दर दहा वर्षांनी. प्रत्येकाला सगळ्या लागतीलच असं नाही, कुणाला काही चालतही नसेल, ते डॉक्टर ठरवतील. आपण विचारायचं. विचारताना ओशाळं वाटलं तर माझी आठवण काढा. आणि कपाळावर, छातीवर, पाठीवर, कुठेही एकाच बाजूला आग होऊन पुरळ उठलं तर त्याच दिवशी जा. टिकलीला दोष देत बसू नका.

आभार मानायचे तर माझ्या यजमानांचे. ते दिवसातून सहा वेळा माझ्या डोळ्यात थेंब घालतात आणि कधी कंटाळत नाहीत. हा लेखही त्यांनीच लिहून घेतला. मी सांगत गेले, ते फोनवर एका बोटाने टाइप करत गेले. लिहून झाल्यावर त्यांनी सगळा मोठ्याने वाचून दाखवला. वाचणारा माणूस चुकीचं लिहिलेलंही बरोबरच वाचतो, म्हणून तर आमच्या कामाची गरज असते.

"तपासलंस?" त्यांनी विचारलं. "काही चुकलंय का कुठे?"

मी पूर्ण ऐकलं होतं. पण चुका ऐकू येत नाहीत.

"नाही," मी म्हणाले. "पाठवून द्या."